ब्लॅक पेशंटपर्यंत प्रेप पोचत का नाही? आणि पोचवायला खरंच काय चालतं?

वऱ्हाडी_मिरची (अटलांटा)

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी इथे फार्मसिस्ट आहे, मूळची अमरावतीची. आमच्या साखळीच्या दोन दुकानांत आलटून पालटून ड्युटी असते. एक शहराच्या उत्तरेला, ऑफिसवाली, बहुतेक गोरी वस्ती. दुसरं दक्षिणेला, तिथे जवळपास सगळं गिऱ्हाईक ब्लॅक. आता गंमत बघा (गंमत कसली, डोकं फिरतं), एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी, म्हणजे प्रेप, उत्तरेच्या दुकानातून धडाधड जाते आणि एचआयव्ही झाल्यावरच्या गोळ्या दक्षिणेच्या दुकानातून.

मागे एक पोरगा आला होता, असेल बावीस-तेवीसचा, कानात इअरफोन. प्रेपचं प्रिस्क्रिप्शन आलेलं, ब्रँडचं. बिल टाकलं तर स्क्रीनवर आलं प्रायर ऑथरायझेशन हवं. मागे रांग उभी. मी होईल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं की डॉक्टरांच्या ऑफिसातून इन्शुरन्सला कागद जावे लागतील, दोन-तीन दिवस धरा. तो ओके म्हणाला आणि गेला. पुढे कागद गेले, मंजुरी आली, आम्ही बाटली लेबल लावून ठेवली, त्याला मेसेज पण गेला, तो काही आला नाही. मग नियमाप्रमाणे रिटर्न टू स्टॉक, लेबलवरच्या नावावर काळा मार्कर फिरवायचा आणि बाटली परत फळीवर. दक्षिणेच्या दुकानात हे इतकं होतं की टेक्निशियनला त्याचं काही वाटतच नाही आता.

यंदा मंडळाच्या गणपतीत जेवताना विषय निघाला तर एक काका म्हणाले, "अगं त्या लोकांचं वागणंच तसं, त्याला गोळी काय करणार." मला माहितीये हे चूक आहे, पण नेमकं उत्तर देता येईना. अमेरिकेत ब्लॅक लोक लोकसंख्येच्या साधारण १२ टक्के आणि नव्या एचआयव्ही निदानांत ४० टक्क्यांच्या आसपास, हे पाठ आहे. सीडीसीचा, म्हणजे इथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा, २०२२ चा अंदाज पण वाचलाय, ज्यांना प्रेपचा फायदा होईल अशा गोऱ्यांपैकी ९४ टक्क्यांना ती लिहून दिली गेली, लॅटिनोंपैकी २४ आणि ब्लॅक लोकांपैकी फक्त १३ टक्क्यांना. पण का, हे सांगायला गेलं की मी गडबडते.

आता कंपनीनं एक छोटी कमिटी केलीय, आमच्या भागातल्या दुकानांनी यात काय करावं म्हणून, त्यात मला टाकलंय. पहिल्याच मीटिंगमध्ये पोस्टर लावू, फेब्रुवारीत जागृती दिवस करू असं सुरू झालं. मला पोस्टरच्या पुढचं काहीतरी न्यायचंय. कुठे फरक कमी झालाय का? कशानं झाला? या क्षेत्रातले लोक असतील तर प्लीज लिहा. "शिक्षण हाच उपाय" असं एका ओळीत लिहू नका, हात जोडते.

बाल्टिमोरकर_बंड्या

ताई, मी एपिडेमिऑलॉजीत आहे, हा माझा रोजचा विषय, त्यामुळे लांब लिहिणार.

आधी काकांचा हिशोब करू. वागण्यानंच फरक पडत असता तर तो मोजता आला असता ना, आणि लोकांनी मोजलाय. ग्रेगोरियो मिलेट नावाचे एक संशोधक आहेत, स्वतः ब्लॅक, आधी सीडीसीत होते, त्यांनी २००६ पासून हेच लावून धरलं. २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा मोठा आढावा आला, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन तिन्हीकडचे अभ्यास एकत्र करून. त्यात निघालं काय, तर ब्लॅक समलिंगी पुरुष इतरांपेक्षा जास्त धोका पत्करत नाहीत, कंडोमचा वापर कमी नाही, ड्रग्ज तर उलट कमी. आणि तरीही लागण कितीतरी पट. मग फरक कुठे होता? इन्शुरन्स नसणं, उत्पन्न कमी, तुरुंगात जाऊन आलेले जास्त, आणि ज्यांना एचआयव्ही आहे त्यांच्यातले कमी लोक उपचारावर, त्यातही व्हायरस दबलेले आणखी कमी.

हा शेवटचा मुद्दा नीट बघा कारण सगळी मेख तिथे आहे. औषधानं व्हायरस पूर्ण दबला की त्या माणसाकडून संभोगातून लागण होत नाही, हे आता पक्कं सिद्ध झालंय. म्हणजे एखाद्या समाजात उपचार उशिरा पोचले, मध्येच तुटले, की त्यांच्या आपापसातल्या वर्तुळात व्हायरस फिरत राहतो. मग तिथला एखादा पोरगा गोऱ्या पोराइतकाच, किंवा त्याच्यापेक्षा जास्त जपून वागला तरी त्याला धोका जास्त. तुमच्याच अटलांटात एमोरी विद्यापीठाच्या लोकांनी ब्लॅक आणि गोऱ्या पुरुषांना एकत्र घेऊन बराच काळ पाठपुरावा केला होता, त्यातही इन्शुरन्स आणि जोडीदारांचं वर्तुळ हीच दोन कारणं ठळक निघाली. २०१६ मध्ये सीडीसीनं आकडा काढला होता, दर असेच राहिले तर ब्लॅक समलिंगी पुरुषांपैकी दर दोघांत एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीचं निदान होईल, लॅटिनोंमध्ये चारात एक, गोऱ्यांमध्ये अकरात एक. दोघांत एक! बोस्टनला एचआयव्हीवरच्या परिषदेत हे मांडलं तेव्हा बऱ्याच जणांचे चेहरे उतरले होते म्हणतात.

काकांना त्यांच्या भाषेत सांगायचं तर, दुष्काळात गावात टँकर येतो, रस्त्याकडेच्या घरांचे पिंप आधी भरतात, लांबच्या वाडीला तळाचं मिळालं तर मिळालं. आणि मग पुढे कोणीतरी म्हणतं वाडीतले लोक पारोसेच राहतात.

एक तांत्रिक टीप, ते ९४ आणि १३ कमिटीत वापरताना जपून. अंश ठीक आहे, तो प्रिस्क्रिप्शनवरून येतो. छेद, म्हणजे "कोणाला गरज आहे", तो अंदाज जरा कच्चा आहे, सगळ्या गोऱ्यांना प्रेप मिळालीच असा त्याचा अर्थ नाही. त्यापेक्षा एड्सव्ह्यू या वेबसाइटवर नव्या निदानांच्या तुलनेत प्रेप घेणारे किती असं गुणोत्तर मिळतं, राज्यवार, वंशवार. ते दाखवा. दक्षिणेकडची राज्यं त्यात तळाला आहेत आणि देशातली निम्मी नवी निदानं तिथलीच.

फरक धोरणानं वाढतो तसा कमीही होतो याचं उदाहरण हवं असेल तर वॉशिंग्टन डीसी. शहर मोठ्या प्रमाणात ब्लॅक, आणि काँग्रेसनं (इथल्या संसदेनं) १९९८ मध्ये बंदी घातली की शहरानं स्वतःच्या पैशातूनसुद्धा सुईनं नशा करणाऱ्यांना सुया बदलून द्यायचा कार्यक्रम चालवायचा नाही. डीसीच्या लोकांना काँग्रेसमध्ये मताचा हक्क नाही, त्यांचं ऐकतं कोण. २००७ च्या शेवटी बंदी उठली, शहरानं सुया द्यायला सुरुवात केली आणि सुईतून होणाऱ्या लागणी धाडकन खाली आल्या. आता दोन वर्षांत लोकांचं वागणं बदललं का? सुई मिळायला लागली एवढंच.

रोखठोक_नाना (न्यू जर्सी)

बंड्या, अभ्यास दांडगा आहे तुझा पण मला एक कळत नाही, सगळं सरकारनंच द्यायचं का? रायन व्हाइट हा सरकारी कार्यक्रम १९९० पासून आहे, एचआयव्ही झालेल्या गरीब माणसाला औषध मिळतंच. प्रेपच्या गोळ्या पण २०१९ ला सरकारनं फुकट जाहीर केल्या होत्या, रेडी सेट प्रेप, मला आठवतंय कारण तेव्हा मी त्या धंद्यातच होतो. वर्षाला दोन लाख लोकांना पुरतील एवढ्या गोळ्या कंपनीनं देणगीत कबूल केल्या. घेतल्या किती जणांनी? त्याच्या जवळपास पण नाही. फुकट दिलं तरी घेत नाहीत म्हटल्यावर काकांचं अगदीच चूक आहे असं नाही वाटत. राग मानू नका, पण बोललं पाहिजे.

सुईदोरा (नॉर्थ कॅरोलायना)

नाना, राग नाही मानत, पण रेडी सेट प्रेप हे तर आमच्याच बाजूचं उदाहरण आहे हो! गोळी फुकट होती, बाकी काहीच फुकट नव्हतं. प्रेप सुरू करायला आधी एचआयव्हीची टेस्ट, किडनीचं रक्त, हेपटायटिस बी, लैंगिक आजारांच्या तपासण्या, डॉक्टरची भेट, आणि मग दर तीन महिन्यांनी परत टेस्ट आणि भेट. ज्याला इन्शुरन्स नाही त्याला या सगळ्याचं बिल कोण देणार होतं? बाटली फुकट आणि बुचाला पैसे असला प्रकार.

मी नर्स आहे, पंधरा-वीस वर्षं इथेच, आधी हॉस्पिटलला आणि आता एका छोट्या क्लिनिकमध्ये, जिथे एचआयव्हीचे पेशंट आणि प्रेपवाले दोन्ही येतात. मी कागदावरचं कमी आणि खोलीतलं जास्त सांगते.

पहिलं म्हणजे इन्शुरन्स. ओबामांच्या कायद्यात मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी इन्शुरन्स, वाढवायचा होता, २०१२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं राज्यांवर सक्ती नाही. झालं, टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी, साउथ कॅरोलायना, यांनी वाढवलाच नाही. नकाशा काढा आणि त्याच्यावर एचआयव्हीचा नकाशा ठेवा. मिरचीताई, तुमच्या जॉर्जियात २०२३ पासून एक पाथवेज म्हणून आहे पण त्याला महिन्याला ८० तास काम केल्याचे पुरावे द्या, मग कार्ड. ज्या पोराच्या शिफ्ट दर आठवड्याला बदलतात तो कुठून आणणार ते कागद? आमच्याकडे १ डिसेंबर २०२३ ला मेडिकेड वाढवला. त्या दिवसापर्यंत आम्ही "तुमच्याकडे काय आहे" असं विचारून मग खालमानेनं कुठली तरी स्कीम शोधायचो, आता निदान निम्म्या पेशंटना कार्ड निघतं आणि तो तासभराचा वेळ पेशंटशी बोलण्यात जातो.

दुसरं, त्या रायन व्हाइटचं जे नाना म्हणाले ते खरंय आणि म्हणूनच सांगते, फरक कमी करता येतो याचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. २०१० मध्ये त्या कार्यक्रमातल्या ७० टक्क्यांच्या आसपास लोकांचा व्हायरस दबलेला होता, २०२२ पर्यंत ९० च्या जवळ. देशाची सरासरी त्याच्या कितीतरी खाली. आणि हे सगळे गरीब पेशंट बरं का, निम्म्याच्या जवळपास ब्लॅक, ज्यांच्याबद्दल म्हणतात की ऐकत नाहीत. कसं झालं? कारण तो कार्यक्रम नुसती गोळी देत नाही. केस मॅनेजर देतो, बसचा पास देतो, दातांचा डॉक्टर देतो, काही ठिकाणी घरभाड्याला पण हात लावतो. पण त्यात यायला आधी एचआयव्ही व्हावा लागतो! निगेटिव्ह माणसासाठी असं काहीच नाही, आणि तुमच्या दोन दुकानांचं कोडं इथे सुटतं.

तिसरं, वेळ. पूर्वी निदान झालं की "तीन आठवड्यांनी डॉक्टर भेटतील" असं व्हायचं, तेवढ्यात माणूस गायब. सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉर्ड ८६ या एचआयव्ही क्लिनिकमध्ये २०१३ ला त्याच दिवशी औषध सुरू करायला लागले, मग बाकीच्यांनी उचललं, तुमच्या ग्रेडी हॉस्पिटलच्या पॉन्स सेंटरनं पण प्रवेशातले अडथळे काढून थेट काही दिवसांत डॉक्टर भेटेल असं केलं. प्रेपला पण आम्ही आता तेच करतो. पोरगा आला, बोटातून रक्त घेऊन टेस्ट, वीस मिनिटं, निगेटिव्ह, पहिल्या महिन्याची बाटली हातात देऊन घरी. बाकीचे रिपोर्ट येतील तेव्हा येतील, काही निघालं तर फोन करू. तुमचा तो इअरफोनवाला तीन दिवसांत हरवला ना, आमच्याकडे पण हरवायचे.

अजून एक, हे जरा नाजूक आहे. जो तो टस्कीगी टस्कीगी करतो. अलाबामात १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या ३९९ ब्लॅक पुरुषांना उपचार न देता नुसतं बघत ठेवलं, पेनिसिलिन आल्यावर सुद्धा दिलं नाही, क्लिंटननी १९९७ ला माफी मागितली. हे झालंच आणि लोक विसरलेले नाहीत. पण मी बघते ना, विशीतली पोरं टस्कीगीमुळे घाबरत नाहीत. ती घाबरतात कारण मागच्याच महिन्यात कुठल्या तरी काउंटरवर कोणीतरी मोठ्यानं विचारलं "ही गोळी कशासाठी घेतोस?" किंवा डॉक्टरनं पहिलाच प्रश्न केला "पार्टनर किती?" त्या जुन्या गोष्टीवर खापर फोडलं की आजच्या रिसेप्शनला काही बदलावं लागत नाही, म्हणून ते सगळ्यांना आवडतं.

विश्वास मिळवता येतो याला पण पुरावा आहे, आमच्याच चॅपेल हिलमध्ये आणि सोबत लॉस एंजेलिस आणि डीसीत एक अभ्यास झाला होता, एचपीटीएन ०७३. २२६ ब्लॅक पुरुष, अभ्यास चालवणारे वरिष्ठ पण ब्लॅक. प्रत्येकाला एक माणूस जोडून दिला, तो प्रेपच्या आधी विचारायचा तुझं काय चाललंय, नोकरी आहे का, राहतोस कुठे. आणि गोळी घेतलीच पाहिजे अशी अट नव्हती, हवी तर घे. १७८ जणांनी घेतली, म्हणजे ७९ टक्के. नाना, हे तेच लोक जे "फुकट दिलं तरी घेत नाहीत".

मीनल_शिकागो

सगळे पोरांबद्दलच बोलताय म्हणून मध्ये घुसते. अमेरिकेत स्त्रियांमधली जी नवी निदानं होतात त्यातली निम्म्याच्या आसपास ब्लॅक स्त्रियांची असतात. त्यांना प्रेपचं नाव तरी कोणी सांगतं का? जाहिरातीत सगळे देखणे पुरुष. २०१९ ला दुसरी गोळी आली, डेस्कोवी, तिला मंजुरी देताना एफडीएनं स्पष्ट लिहिलं की योनीमार्गाच्या संबंधातून धोका असणाऱ्यांसाठी नाही, कारण कंपनीनं जन्मानं स्त्री असणाऱ्यांवर चाचणीच केली नव्हती. म्हणजे ज्यांच्यात फरक सगळ्यात जास्त, त्यांनाच चाचणीतून वगळलं.

मी गायनॅकच्या ओपीडीत काम करते. आमच्याकडे बाई गर्भनिरोधकासाठी येतेच येते, तिथेच प्रेप विचारली तर ती दुसरीकडे कशाला जाईल? फॅमिली प्लॅनिंगच्या क्लिनिकमध्ये प्रेप द्यायला लागले तिथे बायका घेतात. पण विचारायची पद्धत बदलावी लागते, "तुम्हाला धोका आहे का" विचारलं तर शंभरातल्या शंभर नाही म्हणणार, लग्न झालेली तर नक्कीच. "आम्ही सगळ्यांनाच सांगतो, अशी एक गोळी आहे" म्हटलं की चेहरा बदलतो. फार्मसीच्या काउंटरवर पण गर्भनिरोधक गोळ्या घ्यायला येणाऱ्या बायकांना हे सांगता येईल की.

पेठेबाहेरची (पुणे)

मी एका सरकारी एआरटी (एचआयव्हीच्या औषधांच्या) सेंटरला कौन्सेलर आहे. वाचून दोन गोष्टी वाटल्या. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून एआरटी फुकट, २०१७ पासून सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती का असेना, पॉझिटिव्ह आला की औषध सुरू. कार्ड नाही, प्रायर ऑथरायझेशन नाही. तुमच्याकडचे कागद वाचून दम लागला मला.

पण इथून कोणी "बघा आमच्याकडे कसं छान" म्हणायला येऊ नका. आमच्याकडे पण स्वतःच्या तालुक्यातलं सेंटर सोडून मुद्दाम दोन जिल्हे ओलांडून येणारे पेशंट आहेत, ओळखीचं कोणी बघेल म्हणून. तृतीयपंथी पेशंटला रांगेतले लोक कसे बघतात ते पण बघते मी. ते सुईदोरा म्हणतायत ना, माणूस जोडून द्यायचा, ते अगदी बरोब्बर. आमच्याकडे टिकतात ते पेशंट आउटरीचच्या कार्यकर्त्यामुळे, जी स्वतः कधी त्याच रांगेत उभी होती, डॉक्टरांच्या भाषणामुळे नाही. प्रेप मात्र इकडे बहुतेकांना स्वतःच्या खिशातूनच घ्यावी लागते, त्यामुळे कोण घेतं ते वेगळं सांगायला नको.

हिंजवडी_शिफ्ट

औषधाच्या धंद्यातला आहे म्हणून किमतीवर थोडं. जून २०२५ मध्ये लेनाकापावीर अमेरिकेत प्रेप म्हणून मंजूर झालं, वर्षातून दोनच इंजेक्शनं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या मुलींमध्ये एकही लागण नाही, शून्य. आता किंमत ऐका, अमेरिकेत छापील वर्षाला २८,२१८ डॉलर. तेच औषध २०२७ पासून १२० देशांत वर्षाला ४० डॉलरच्या आसपास मिळणार, डॉ. रेड्डीज आणि हेटेरो बनवणार. मूळ कंपनी गिलियडनं ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा जेनेरिक कंपन्यांना परवाने दिले त्यात आपल्या पुण्याची एमक्युअर पण आहे. अमेरिका अर्थातच त्या १२० मध्ये नाही. ब्राझीलसुद्धा नाही, जिथे दुसरी चाचणी घेतली तिथेच नाही!

तर मला वाटतं दक्षिण अटलांटात गोळीचं जे झालं तेच इंजेक्शनचं होणार, आधी उत्तरेला. रोजची गोळी लपवायची कटकट ज्याला आहे त्याला हे इंजेक्शन वरदान, आणि त्यालाच ते शेवटी मिळणार.

बाकी २००१ मध्ये सिप्लाच्या हमीदांनी तीन औषधांचा कोर्स वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला तेव्हा पण आधी हेच ऐकलं होतं, आफ्रिकेतल्या लोकांना वेळेवर गोळ्या घेता येणार नाहीत वगैरे. घेतल्या की.

रोखठोक_नाना (न्यू जर्सी)

ठीक आहे, लॅबच्या बिलाचा मुद्दा पटला, ते माझ्या लक्षात नव्हतं आलं. पण तरी एक राहतंच. पैसा ओतला की फरक जातो असं सरसकट म्हणता येत नाही. २०१९ ला ट्रम्पनी जाहीर केलं होतं की २०३० पर्यंत नव्या लागणी ९० टक्क्यांनी कमी करू, ४८ काउंट्या (जिल्हेच म्हणा) निवडल्या, जास्तीचे पैसे दिले. इतकी वर्षं झाली, कुठे आहे ९० टक्के? कोणीतरी हिशोब मागायला नको का?

बाल्टिमोरकर_बंड्या

नाना, हिशोब मागायलाच हवा, त्यात माझं काही म्हणणं नाही. २०२५ पर्यंत ७५ टक्के कमी व्हायला हवं होतं, ते काही झालेलं नाही. पण पैसे कसे जातात ते बघा. काउंटीला मिळतात, काउंटी निविदा काढते, मोठ्या हॉस्पिटलकडे आणि विद्यापीठाकडे ग्रँट लिहायला माणसं असतात, त्यांना मिळतात. चर्चच्या तळघरात दोन टेबलं टाकून टेस्ट करणारी जी ब्लॅक संस्था आहे तिच्याकडे ऑडिटचे कागद करायला माणूस नाही, तिला उपकंत्राट मिळतं, तेही वर्षभराचं. आणि आता २०२५ मध्ये सीडीसीच्या एचआयव्ही प्रतिबंध विभागातली माणसंच कमी केली, मेडिकेडला कात्री लावणारा कायदा पण जुलैत झाला. अर्धवट रांधून चूल विझवायची आणि मग म्हणायचं भात कच्चा.

मिरचीताई, तुमच्यासाठी एक नेमकी गोष्ट आठवली. ते रिटर्न टू स्टॉक आहे ना, ते मोजा. आमच्या जॉन्स हॉपकिन्सच्या लॉरेन डीन आणि सहकाऱ्यांनी प्रेपची प्रिस्क्रिप्शनं मंजूर होऊन न उचललेली किती, यावर काम केलंय, २०२४ च्या सुरुवातीला छापून आलं. खिशातून द्यायचे पैसे शून्यावरून नुसते दहा डॉलर झाले तर न उचलायचं प्रमाण दुप्पट होतं. दहा डॉलर! हा आकडा कुठल्याही मॅनेजरला कळतो.

वऱ्हाडी_मिरची (अटलांटा)

अरे बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना मनापासून धन्यवाद, नाना तुम्हाला पण, कारण कमिटीत तुमच्यासारखे दोन-चार आहेतच, सराव झाला.

बंड्यादादा, दुकानवार न उचललेल्या बाटल्या मोजायचं एकदम पटलं. डेटा आमच्याच सिस्टीममध्ये पडलाय, कोणी बघतच नाही. एक प्रश्न, २०१९ ला प्रेपला तज्ज्ञ समितीकडून ए ग्रेड मिळाली ना, मग इन्शुरन्सनं कोपे, म्हणजे पेशंटच्या खिशातला वाटा, शून्य ठेवायलाच हवा, तरी माझ्या काउंटरवर कधी कधी कोपे का दिसतो? आणि आम्ही फार्मसिस्ट याच्या पुढे काय करू शकतो?

सुईदोरा (नॉर्थ कॅरोलायना)

हो, २०२१ पासून बहुतेक खाजगी प्लॅनना प्रेपसाठी कोपे लावता येत नाही, आणि त्याच्या लॅब आणि भेटींना पण नाही. जून २०२५ ला सुप्रीम कोर्टानं पण तो नियम टिकवला. मेख अशी की ज्या ब्रँडचं जेनेरिक निघालंय, तो ब्रँड शून्यात द्यायची प्लॅनला सक्ती नाही, त्याचं जेनेरिक, म्हणजे टेनोफोविर-एमट्रिसिटाबिन, शून्यात दिलं तरी चालतं. म्हणजे तुमच्या त्या पोराला ब्रँडसाठी तीन दिवस थांबवलं, तेव्हा जेनेरिक कदाचित त्याच मिनिटाला शून्यात गेलं असतं. डॉक्टरनं सवयीनं ब्रँड लिहिलेला असतो. तुमच्याकडून एक फोन, "किडनी वगैरे ठीक असेल तर जेनेरिक चालेल का", एवढंच लागतं. माझ्या क्लिनिकला असे फोन येतात त्या फार्मसिस्टला मी दिवाळीला चकल्या पाठवते.

इन्शुरन्सच नसेल तरी जेनेरिक २०२१ नंतर इतकं उतरलंय की महिन्याला तीस डॉलरच्या आत मिळू शकतं, नीट कूपन लावलं तर. हजारोंची गोळी म्हणून पेशंट काउंटरवरूनच परत जातो, त्याला खरी किंमत कोणी सांगतच नाही.

बाकी कॅलिफोर्नियानं २०१९ लाच कायदा करून फार्मसिस्टना स्वतः प्रेप सुरू करून द्यायची मुभा दिली, इतर काही राज्यांत पण आहे, तुमच्या राज्यात डॉक्टरबरोबर करार करून काय जमतं ते कंपनीच्या वकिलाला विचारा. ज्यांना क्लिनिकमध्ये यायचंच नाही त्यांच्यासाठी घरी टपालानं येणारी टेस्ट किट आहे, टुगेदर टेकमीहोम, २०२३ ला सुरू झाली, तुमच्या एमोरीचाच हात आहे त्यात. अजून चालू आहे ना ते बघून त्याचा क्यूआर कोड पिशवीवर चिकटवा, पोस्टरपेक्षा बरं.

मीनल_शिकागो

आणि काउंटरच्या कडेला एक आडोसा करा गं बाई. फ्लूची लस टोचायला खोली असतेच प्रत्येक दुकानात, प्रेपचं बोलणं तिथे नेलं तर काय बिघडतं. आणि सगळ्यांनाच न्या, बीपीच्या गोळ्यावाल्यांना पण, नाहीतर खोलीत गेला म्हणजे तसलाच असं होईल.

वऱ्हाडी_मिरची (अटलांटा)

हे सगळ्यांनाच न्यायचं बेस्ट आहे, हे लिहून घेतलं. आता मॅनेजरला कसं पटवू? तो म्हणणार फोन करायला माणसं कुठायत, आधीच दोन टेक्निशियन कमी.

हिंजवडी_शिफ्ट

त्याला सांगा, न उचललेली प्रत्येक बाटली म्हणजे भरायची मजुरी गेली, परत ठेवायची मजुरी गेली आणि विक्री शून्य. प्रेपचा पेशंट टिकला तर दर महिन्याला येणारं गिऱ्हाईक आहे, सोबत शाम्पू पण घेऊन जातो. न्यायाची भाषा तुम्ही कमिटीत वापरा, त्याच्याशी हीच बोला.

बाल्टिमोरकर_बंड्या

आणि दोन्ही दुकानांचे आकडे शेजारी शेजारी एकाच पानावर छापून न्या. तीन महिन्यांचे पुरेत. पेशंटची नावं, जन्मतारखा काही नको, फक्त किती प्रिस्क्रिप्शनं आली, कितींना प्रायर ऑथरायझेशन लागलं, किती परत फळीवर गेली. आकडे काढताना अडलात तर इथेच विचारा, वाटलं तर एक्सेलचा साचा करून देतो, शनिवारी मोकळा आहे.